फळीवर नंबर नव्हता

माझं काम एवढंच: उपासनेआधी
लाकडी फळीत पत्र्याचे आकडे सरकवायचे.
पहिलं गीत एकशे बारा, दुसरं चाळीस,
दानाच्या वेळचं दोनशे सात.
साताचा पत्रा वाकलेला; त्याजागी एक लावला तरी
भायखळ्याच्या आमच्या मंडळीत कुणाचं अडत नसे.
सगळ्यांना सगळं पाठ.

ते लाल गव्हाचं वर्ष. रेशनच्या पिशव्या उघडताना
आई म्हणायची, याची चपाती वळत नाही, मोडते.
एका रविवारी माझगावच्या गोदीतून
त्याच गव्हाबरोबर आलेला एक माणूस
मागच्या बाकावर बसला.
काळा, उंच, इस्त्रीचा सदरा, टोपी गुडघ्यावर.
सुगंधा नर्सने विचारून घेतलं:
नाव वेन्डेल, गाव शिकागो, बोटीवर भटारी.

दोनशे सात संपलं आणि तो उभा राहिला.
कुणी बोलावलं नव्हतं.
आधी नुसता घुमला,
रिकामं जातं फिरावं तसा.
मग शब्द. मग टाळी,
पण आम्हाला वाटे तिथे पडायची नाही,
जरा मागून पडायची,
उंबऱ्याला ठेचकाळून माणूस सावरतो तशी.
पायपेटीवर माझे वडील, गिदोन पारधे.
त्यांनी बोटांनी सूर शोधला.
गंधार ना कोमल ना शुद्ध,
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत.
तिथे बोट जात नाही.

आढाव वडील उठले.
"देवाच्या घरात टाळ्या? हा काय तमाशा आहे?"
सुगंधाने हेही इंग्रजीत सांगून टाकलं.
सांगायला नको होतं.

वेन्डेल हसला. म्हणाला,
आमच्याकडेही होते असेच म्हातारे.
आजी दक्षिणेतून आली, कापूस वेचणारी, एका ट्रंकेनिशी.
मोठ्या चर्चात गायली तर म्हणाले,
रानातलं रानात ठेव बाई.
मग त्यांनी बंद पडलेली लाँड्री भाड्याने घेतली,
खुर्च्या मयताचं सामान पुरवणाऱ्याकडून,
आणि गायले. शेजारी पोलिसात गेले.
पुढे तीच मोठी चर्चं
गाणी शिकवायला माणूस द्या म्हणत दारात आली.

कापूस म्हटल्यावर
रणपिसे काकूंनी मान वर केली.
मिलच्या कताई खात्यात तीन पाळ्यांचा खोकला त्यांचा.
त्या उठल्या, पाळकांच्या खोलीत गेल्या,
आतून कपाटाचा कुरकुर आवाज आला.
परतल्या तेव्हा हातात टाळ,
कळकलेले, हिरवे.
सासऱ्याचे. नेवाशाकडून बाप्तिस्म्यासकट मुंबईला आलेले.
मिशनच्या साहेबाने "सांभाळायला" ठेवून घेतले होते,
चाळीस वर्षं.

काकूंनी ते वाजवले
जिथे टाळी पडत होती तिथे.
आणि ओवी धरली, येशूच्या नावाची,
दळणाच्या चालीवर.
जमलं म्हणू नका. दोनदा तुटलं.
तो पुढे जायचा, त्या मागे राहायच्या.
तिसऱ्यांदा वडिलांनी भाता मारायचं थांबवलं
आणि दोघांना सोडून दिलं.
आढाव उभेच होते.
छत्रीचं टोक मात्र फरशीवर
हळू, चुकून, एकदा.

मी वडिलांना विचारलं, याचा नंबर कुठला लावू?
ते म्हणाले, ती ओळ रिकामी ठेव.

बोट मंगळवारी गेली.
आता पडद्यावर शब्द येतात, फळी अडगळीत.
तरुण पोरं ड्रमवर तीच मागून पडणारी टाळी वाजवतात,
विचारतात, अंकल, हे आपल्याकडे कधी आलं?
मी म्हणतो, गव्हाबरोबर.
ती हसतात.

काकूंना शिवडीला पुरलं तेव्हा
एक टाळ शवपेटीत ठेवला.
दुसरा मी ठेवून घेतला. चोरलाच म्हणा.
एकट्या टाळाला आवाज नसतो.
तरी रविवारी तो खिशात असतो,
घराच्या किल्लीला लागतो अधूनमधून.