शेरा

लकडगंजात सकाळ भुशाच्या वासानं होते.
आरामशीन अजून थंड असते
आणि मी वही उघडून
काल किती घनफूट मेलं ते लिहितो.
मेलं हा शब्द माझा नाही,
सुकलाल टेकामचा आहे.

तो देवलापारकडून आला.
निलगिरी, बाभूळ, कडुनिंब, कशालाही खांदा द्यायचा.
फक्त सागाचा ट्रक लागला
की टोपी काढून बाहेर टपरीपाशी उभा.
मालक म्हणाले, नाटकं.
मी त्याचे अर्धे दिवस कापले.
कापणं हेच तर आमचं काम.

एकदा विचारलं.
"टेका म्हंजे साग, मुनीमजी.
देवानं कुळं वाटली तवा झाडंबी वाटली.
आमाले साग, मरकामले आंबा.
ज्याचं झाड त्यानं त्याले हात लावाचा नाई.
पडलं तं घरचं मानूस गेलं.
मडकं फोडाचं, आंघोळ कराची."
मग आरामशीनकडं बघून:
"इथं किती मडके फोडू?"

आज्याच्या आज्याची गोष्ट त्यानं डबा खाताना सांगितली.
रेल्वेच्या स्लीपरांसाठी साहेब आला होता,
छापाचा हातोडा मारत गेला खोडाखोडावर.
रात्री अख्खं गाव उठलं.
बायांनी शेणमाती कालवली,
घाव लिंपले, वर साल चिकटवली.
सकाळी साहेब आपलीच खूण शोधत हिंडला.
दंड झाला. दोघांना फटके.
जंगल वाचलं का, मी विचारलं.
"नाई," म्हणाला. "सतरा झाडं वाचले."
आणि भाकरीचा तुकडा मोडला.

यंदा उमरेडचा रस्ता रुंद व्हायचा होता.
त्रेचाळीस चिंचांवर लाल आकडे.
ठेका आमच्या मालकाचा,
यादी माझ्या अक्षरात.
माणसं यंत्रं घेऊन गेली, हात हलवत परत आली.
आकडे नाहीत.
छातीइतक्या उंचीवर ओली पिवळी माती,
तिच्यात तळव्यांचे ठसे.

सुकलाल बशीतून चहा पीत होता.
नखं मी पाहिली.
म्हटलं, साग नाही रे तो. तुझं काय जातं?
"माझं नाई जात. पन चिचेच्या कुळाचं
या शहरात कोनी दिसत नाई."
बशी खाली ठेवली. मग सावकाश:
"तुमचं आडनाव काय म्हनलं, मुनीमजी?"

चिंचखेडे.
एकोणतीस वर्षं पावतीच्या तळाशी
मी ते झाड रोज लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी आकडे पुन्हा टाकायला गेलो.
मी यादी वाचत होतो, पोरगा रंगवत होता.
छत्तीस, म्हटलं.
मग अडतीस.
पोरगा थांबला नाही.

बेचाळीस आल्या.
संध्याकाळ झाली तशी ट्रकमध्येच
काही फांद्यांची पानं मिटली,
सवयीनं.
मोजमाप मीच केलं.
सदतीसपुढे शेरा लिहिला:
जागेवर आढळली नाही.
मालकांनी न वाचता सही केली.

ती आहे. पेट्रोलपंपासमोर,
तारांसाठी एका अंगानं छाटलेली,
कुणाला अडचण, कुणाला स्कूटर लावायला जागा.
परवा गेलो होतो. खाली बसलो नाही,
लाज वाटली.
मातीत चार आकडे पडले होते, वाळलेले, आंबट.
एक उचलून खिशात टाकला.
वहीत मांडला नाही.