सतरावा प्रश्न

भुसावळला झेरॉक्सच्या दुकानावर, जिना चढून डावीकडे आमचं केंद्र.
एक कपाट, दोन बाक, एक कूलर;
त्यात दुपारचं पाणी मीच ओतते.
पाटीवर लिहिलंय : मुक्त विद्यालय. दहावी-बारावी घरी बसून.
"घरी बसून"च्या पुढे कुणीतरी पेनानं
उद्गारचिन्ह काढून ठेवलंय.

पालक जिन्यातूनच विचारत येतात.
मॅडम, हे खरं असतं ना?
खरं म्हणजे सरकारी?
मी शिक्का दाखवते. जांभळा शिक्का पाहिला
की माणूस खुर्चीला पाठ टेकतो.

शिकवणार कोण?
तुम्ही.
मी? मीच नववी नापास.
मग नुसते शेजारी बसा, मी म्हणते.
हे उत्तर पुस्तिकेत नाही,
पण साहेब महिन्यातून एकदाच येतात.

इंजिनिअरिंगला चालेल का? केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल काय ओट्यावर करायचं?
लोको पायलटची बायको : तीन बदल्या, तीन बोर्डं झाली,
हे तरी आमच्या मागे येईल ना?
यावलचे हुसेन तडवी, शाळेची रिक्षा चालवतात :
गावभरची पोरं सोडून येतो वेळेवर,
अन् माझीच दारात उभी राहून टाटा करणार?
एक बाई काहीच विचारत नाही, पर्सची चेन उघडते, लावते,
मग हळूच : शेजारचे विचारतील, तब्येत बरी नाही का पोरीची.
काय सांगू?

पुस्तिकेत सोळा प्रश्न आहेत, सोळा उत्तरं.
मला ती पाठ आहेत, पाढ्यासारखी.

मग सावद्याहून लीलाधर भारंबे आले.
केळी पिकवायच्या चेंबरवर कामाला.
शर्टावर केळीच्या चिकाचे डाग,
जे कुठल्याच साबणाला जात नाहीत.
फी विचारली नाही, शिक्का बघितला नाही.
म्हणाले, मितेश नाव. पंधरावं चालू.
"शायेत गप बसे, म्हनून काढला त्याले.
आता घरी बी गप बसला, त कोठून काढू?"

मी पुस्तिका उघडली. नववा प्रश्न, सामाजिक विकास :
पाल्यास सण-समारंभ व क्रीडा मंडळांत सहभागी करावे.
वाचून दाखवलं.
दुसऱ्याच गाडीची अनाउन्समेंट चालू असताना
फलाटावर माणूस जसं ऐकतो, तसं त्यांनी ऐकलं.

मी स्वतः सतरा नंबरच्या फॉर्मवाली.
लग्नानंतर दहावी. पिठाच्या डब्यामागे भूमितीचं पुस्तक.
तेव्हा माझ्याबद्दल
कुणीच कुणाला काही विचारलं नव्हतं.

फॉर्म भरला. पालकाची सही : लीलाधर, सावकाश,
"ध"पाशी पेन थोडं अडलं.

डिसेंबरात स्वाध्याय आले, गठ्ठ्यानं.
विज्ञान. तापमानाचा परिणाम, तीन ओळींत लिहा.
मितेशनं दीड पान लिहिलं होतं :
चेंबर सोळा अंशावर ठेवतात.
चौथ्या दिवशी देठापाशी हिरवं राहतं, बाकी पिवळं.
दार लावून आत बोललं तर आवाज परत येतो.
तो अडकत नाही.
मी धडा तिथेच वाचतो.
बाहेर पप्पा कॅरेट मोजतात,
मोजता मोजता चुकतात, पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

तीनपैकी तीन दिले.
लाल पेन बराच वेळ उघडंच राहिलं.

मार्चमध्ये त्यांचा फोन. परीक्षा जळगावला, तीन तास, ऊन तर माहीतच आहे.
"म्या बाहेर बसीन म्हनतो.
तठी झाड हाय का एखांदं?"
चौकशी करून सांगते, म्हटलं.

संध्याकाळी जळगावच्या केंद्राला फोन लावला.
हॉल तिकीट, बैठक क्रमांक झाल्यावर विचारलं :
आणि झाड?
तिकडचा शिपाई हसला.
मग खिडकीपाशी गेला असावा,
कारण जरा वेळानं म्हणाला,
दोन आहेत.