काटा

एकशे अकरा अर्ज.
ऑस्लोतल्या काचेच्या इमारतींनी
उत्तरं पाठवली, तीही एकाच साच्यातली:
जागा नवशिक्यांसाठी, अनुभव दोन वर्षं.
वेड गेल्याशिवाय लग्न नाही,
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

बोत्सफ्योरच्या मासळी कारखान्याची चिठ्ठी
किराणा दुकानाच्या फळ्यावर होती,
एका हरवलेल्या मांजराशेजारी:
कॉम्प्युटरचं थोडंफार कळणारं कुणीतरी पाहिजे.
गमबूट आम्ही देऊ.

मुलाखत घेतली हिशेब बघणाऱ्या तुरीदनं.
अल्गोरिदम नाही विचारला.
विचारलं, वासानं उलटी होते का?
म्हटलं, माहीत नाही.
म्हणाली, खरं बोललीस, सोमवारी ये.

इथे सर्व्हर जेवणाच्या खोलीत आहे,
कॉफीच्या यंत्राखाली,
त्याच्या उबेवर कुणाचे तरी लोकरी हातमोजे वाळत.
पासवर्ड म्हणजे मालकाच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव.
सगळ्या गावाला पाठ.

तिसऱ्या आठवड्यात काटा बिघडला.
कॉडच्या टबाचं वजन पडद्यावर यायचं,
मधेच शून्य व्हायचं.
धक्क्याला चार बोटी खोळंबलेल्या
आणि म्हातारा आस्लाक, हाताची घडी घालून:
"माझे चारशे किलो तुझ्या डब्यानं खाल्ले."

प्रोग्राम ओळ न ओळ वाचला. निर्दोष.
पुन्हा वाचला. माझ्यापेक्षा निर्दोष.
शेवटी धक्क्यावर नुसतीच उभी राहिले,
नाक लाल, बोटं कुणा दुसरीचीच असावीत तशी,
तेव्हा दिसलं.
क्रेन उचलते तेव्हाच शून्य.
गेल्या महिन्यात बसवलेली नवी मोटार,
आणि काट्याची वायर तिला बिलगून गेलेली.

वायर हातभर बाजूला घेतली.
दोरी आस्लाकची, गाठही त्यानंच मारली,
माझी गाठ बघून त्याला राहवेना.
टब चढला. तीनशे अठ्ठ्याण्णव.
क्रेन घरघरली.
तीनशे अठ्ठ्याण्णव.

टाळ्या वगैरे नाहीत.
आस्लाक म्हणाला,
"दोन किलो अजून तुझ्याकडे निघतात."

परवा ऑस्लोहून मेल आला:
तुमचा अर्ज आम्ही जपून ठेवला आहे.
ठेवा.
मी सर्व्हरशेजारी बसून कॉड खातेय,
काटे ताटाच्या कडेला लावत.
उद्या बर्फाच्या यंत्राकडे बघायचंय,
ते म्हणे फक्त मंगळवारी रुसतं.