पाठ

अकरा हंगाम मी त्याची फक्त पाठ पाहिली.
वर मेझेन्त्सेव, खाली पाच,
आडनावातलं शेवटचं अक्षर अर्धं उसवलेलं.
त्याची बायको झोया ते दर उन्हाळ्यात शिवायची
आणि नोव्हेंबरात कुणीतरी परत उसवायचं.

गोलकीपरला आपल्या बचावपटूचा चेहरा
माहीत असायचं कारणच नसतं.
तो उलट पावली सरकत यायचा माझ्याकडे,
गुडघे वाकवून, स्टिक पुढे,
येणाऱ्याच्या छातीवर डोळे रोवून.
चकतीवर नाही. चकती खोटं बोलते, म्हणायचा.
सगळं सेरोव त्याला आडमुठा म्हणे.
पाठ त्याने दाखवली ती मलाच,
समोरच्याला कधी नाही.

गोल किती? अकरा वर्षांत सात.
आणि आठवा ऑर्स्कमध्ये, आमच्याच जाळ्यात,
त्याच्या स्केटच्या पात्याला लागून, माझ्या पायांमधून,
शेवटच्या मिनिटाला.
परतीच्या बसमध्ये पंचवीस तास
तो माझ्या पुढच्या सीटवर. पुन्हा पाठच.
काचेवर गोठलेल्या वाफेत नखाने भोक पाडून
अंधारात काय बघत होता, देव जाणे.
पहाटे, मागे न वळता,
त्याने थर्मासचं झाकण माझ्यासमोर धरलं.
चहा थंड होता. मी प्यायलो.

ज्या वर्षी कारखान्याने पगाराऐवजी पातेली वाटली
आम्हालाही पातेलीच मिळाली,
निळ्या मुलाम्याची, प्रत्येकी चौदा.
तरुण पोरं मॉस्कोला गेली, एक तर पार कॅनडात.
मेझेन्त्सेव राहिला.
आधी डावा गुडघा गेला, मग संघातली जागा, मग झोया.
पाच नंबरची जर्सी कुणी छताला टांगली नाही.
दुसऱ्याला दिली. त्याला ती सैल व्हायची.

तीन हिवाळे तो बस डेपोत रात्रीचा पहारेकरी.
चौथ्यात डेपोमागच्या अंगणात
रबरी नळीने पाणी मारताना दिसला,
उणे सव्वीसमध्ये, थरावर थर,
हलक्या हाताने, सारवल्यासारखं.
सकाळी पोरं आली. दोन शाळा बुडवून,
बाकीची कुणीतरी सांगितलं म्हणून.

शिट्टी नाही. फळा नाही.
पहिला पाठ पडण्याचा. आठवडाभर नुसतं पडणं.
दुसरा, उलट पावली जाण्याचा.
एका आईने विचारलं, माझा तिखोन पुढे कधी जाणार?
म्हणाला, पुढे काय, सगळेच जातात.

परवा मी गेलो,
दोन्ही खुबे नवे बसवल्यावर, काठी टेकत,
कठड्याशी उभा राहिलो.
तो बर्फावर, पाठमोरा. नेहमीसारखाच.
पोरांना सांगत होता :
मागे वळून बघायचं नाही.
गोलकीपर खांबावर ठोकतो ते ऐकायचं.
एक ठोका, डावी बाजू उघडी. दोन, उजवी.
माझा एक होता. कधी चुकला नाही.

मी ठोकायचो ते भीतीने.
जाळं अजून मागे आहे ना, खांब जागच्या जागी आहेत ना,
एवढंच चाचपायला.
कधी एकदा, कधी दोनदा,
हात थरथरला तर तीनदासुद्धा.
आणि तो अकरा हंगाम त्यावर खेळत होता.

सांगावं म्हणून तोंड उघडलं,
नुसती वाफ बाहेर आली.
मग काठीने कठड्याच्या लाकडावर
एकदा ठोकलं.

मेझेन्त्सेव बोलता बोलता
अर्धं पाऊल डावीकडे सरकला.
वळला नाही.