काढू नका

मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये, प्री-कूलिंगच्या भिंतीला लागून
एक खोली. रॅक, मी आणि इरफान,
चौथ्याला आत यायचं तर कुणीतरी बाहेर जायला हवं.
थेटे मॅनेजर दारातूनच म्हणाले,
'आठला कंटेनर लागतोय. तोवर काटा दिसला पाहिजे,
आणि तिन्ही चेंबरची थंडी.'
रात्रीचे साडेदहा झाले होते.

नवा राउटर खोक्यातून काढला.
उंची चार बोटं नाही, वजन द्राक्षाच्या भरल्या पेटीचं.
इरफानने एक बाजू धरली, मी नट बसवत होते,
चौकोनी भोकातले ते स्प्रिंगवाले नट,
ज्यांनी आजवर माझं एकही नख धड ठेवलेलं नाही.
चौथा उडाला, रॅकखाली गेला.
तिघांवर भागवलं.
'अर्थिंग आधी करा ताई,' इरफान म्हणाला,
'मागच्या वळवाने पंप खाल्लाय.'

मग जुन्याकडे वळले.
त्याचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता.
निळी चपटी केबल त्याच्या पाठीत लावली,
दुसरं टोक लॅपटॉपला. पडदा काळा.
एंटर.
उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, फुटकी अक्षरं,
चाळण हातातून सुटल्यासारखी.
वेग चुकला होता. शहाण्णवशेवर आणला.
अशांशी भराभर बोलून चालत नाही.
पुन्हा एंटर.

आणि तो मराठीत बोलला.
अक्षरं इंग्रजी, पण मराठीत:
'हात लावण्याआधी फोन करा. कोठुळे.'
खाली नंबर.
लावला. तो अस्तित्वात नाही, असं एक बाई म्हणाली, दोन भाषांत.
थेटे म्हणाले, 'कोठुळे ना, सातपूरचे. गेले की.
बिल मात्र कधी वेळेवर द्यायचे नाहीत,
मीच मागून घ्यायचो.'

पासवर्ड नसला तर एकच वाट:
वीज काढायची, पुन्हा द्यायची,
आणि तो डोळे उघडत असतानाच मध्ये अडवायचं.
मग तो सगळं विसरून उठतो,
आणि त्याच्याच कपाटातली वही त्याच्यासमोर उघडून
आपण वाचत बसायचं.
वाचली.

'काटा. वजन मागे पडलं तर केबल हलवा, शिव्या नकोत.'
'चेंबर दोन. उंदीर. पाइप टाकायला सांगितलं.
परत सांगितलं.'
'टॉवर. आंब्याची फांदी आड येते. मालक छाटू देत नाही.'
आणि अगदी तळाशी, कुठल्याशा पत्त्याकडे जाणारी एक वाट,
शेजारी लिहिलेलं:
'हे का टाकलं आठवत नाही. काढलं की बंद पडतं. काढू नका.'

आता नवा. त्याला अजून नावही नव्हतं.
मांडणीबद्दल प्रश्न विचारू का, म्हणाला, हो की नाही.
नाही.
पत्ते एकेक चढवले.
शेजारच्या ओळींची त्याला गरज नसते,
आकडे त्या न वाचताच पुढे जातात.
तरी टाइप केल्या, उंदरांसकट.
'आंबा?' इरफान म्हणाला, 'तो रस्तारुंदीत गेला ना.'
ती ओळ पुसली.
दहा मिनिटांनी पुन्हा टाकली, 'होती' असं करून.

तळची वाट मात्र मुद्दाम सोडली.
मीही चार पुस्तकं वाचलेली आहेत.
काटा आला. चेंबर एक आलं, दोन आलं.
तीन नाही.
केबल बदलली, पोर्ट बदलला, चहा प्याले, सव्वातीन वाजले.
मग गुपचूप ती वाट टाकली.
तीन आलं. दोन अंश सेल्सियस.

अजूनही ती का लागते, मला माहीत नाही.

सगळं जतन केलं. बाहेर पुठ्ठ्यांच्या पेट्या
गाडीवर चढायला लागल्या होत्या, चिकटपट्टीचा आवाज येत होता.
केबल काढण्याआधी एक पोर्ट रिकामा दिसला, अगदी शेवटचा.
त्याच्या नावापुढे लिहिलं:
'एक नट रॅकखाली आहे. सापडला तर
उजवीकडे, वरचं भोक.'