तेविसावी पायरी

ग्वाल्हेरहून भितरवारच्या रस्त्याला
सिमरोलीचा बुरूज एकटाच उभा आहे.
तट नाही, दरवाजा नाही,
जणू किल्ला बांधायला काढला आणि पैसे संपले.
गाव त्याला गरगज म्हणतं.

माझ्या पणजोबांनी तो मोजला होता.
त्र्यंबक नारायण टिल्लू, संस्थानचे नकाशानवीस,
दरमहा अठरा रुपये, एक शिपाई, एक साखळी.
वहीत मोडी अक्षर:
उंची सव्वीस हात. पायऱ्या एकसष्ट.
शिलालेखाच्या दगडावर सध्या मिरची वाटतात.
हेतू: टेहळणी.
आणि खाली, खोडून पुन्हा लिहिलेलं,
‘तेविसाव्या पायरीपर्यंत दगड वाटीसारखे झिजले आहेत.
पुढे कोरे. कारण नोंदण्याजोगे नाही.’

शंभर वर्षांनी ती वही घेऊन मी आले.
वटवाघळांच्या वासात मोजत चढले,
तळव्यांना वाट्या लागत गेल्या,
एकवीस, बावीस.
तेविसावीवर झरोका.
खाली, बरोब्बर, गावची विहीर.

म्हणजे चारशे वर्षं
तोमरांचे, लोद्यांचे, मोगलांचे, मग आपले शिंद्यांचे पहारेकरी
भाला भिंतीला टेकवून इथेच बसले.
वर क्षितिज होतं, ज्याचा पगार मिळायचा.
इथे रहाटाची कुरकुर,
दोर ओढताना कुणीतरी मागे झुकलेली.
झेंडे बदलले, बैठक नाही.

मी हसले, एकटीच, मोठ्यानं.

खाली रामश्रीबाई किरार म्हशीला पाणी पाजत होती,
बुरुजाच्याच दगडाच्या डोणीत.
तिला सांगितलं. ती हसली नाही.
“दुसमन तो तीनों दफा कुआँ वारी ने देखो,
ऊपर वारे तो नीचे देख रए हते.”

तीनदा.
घागर टाकून गावाकडे धावलेल्या तीन बायका,
नावं माझ्या वहीत नाहीत, तिलाही ठाऊक नाहीत.
एकीची घागर विहिरीत पडली ती पडलीच;
जेठात पाणी उतरलं की काठ दिसतो म्हणे.

मी पुन्हा चढले, या वेळी वरपर्यंत.
अडतीस कोऱ्या पायऱ्या,
छिन्नीचे टाके अजून टोचणारे.
वर वारा, आग्यामोहोळ,
उत्तरेला उन्हात विरघळणारी एक रेघ,
किल्ला असेल, किंवा नसेल.
पेन्सिल काढली, ‘टेहळणी’ खोडायला.
पण टेहळणी तर झालीच होती, खालून.
तशीच ठेवली.

तेवढ्यात रामश्रीबाईची हाक आली:
वरून तिचं शेत दिसतं का,
हरभऱ्यात गुरं तर नाहीत ना शिरली?

शिरली होती.
दोन, पांढरी.