दोर

चिलोए बेटावर यास्ना बारिया
तीन मॉडेलांना एकच वाक्य देते:
ओंडक्यांवरून बैल घर ओढतायत,
अख्खं, खिडक्यांसकट.

पहिल्याने घर हंसासारखं सरकवलं.
उजेड तर असा, की लग्नाच्या व्हिडिओला शोभावा.
दुसऱ्याने एका बैलाला पाच पाय दिले.
तिसरं रात्रभर पैसे खात राहिलं;
सकाळी हाती चार सेकंद, त्यात धुकंच जास्त.

शेजारचे एलिसेओ चिग्वाय,
अशी अकरा घरं ओढलेले,
पहिल्यापाशी थांबतात:
"दोर सैल आहे गं. मग घर ओढतंय कोण?"

दुसऱ्यात दोर ताठ. चिखल बैलांच्या पोटापर्यंत.

यास्ना रात्रभर एकेक फ्रेम घेऊन
पाचवा पाय पुसत बसते.
एलिसेओ शेजारी, गप्प,
तळहात चोळत.